काठच्या पट्ट्या

भिंगारच्या बाजारात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली बहुतेक टीव्ही एकाच दुखण्याने येतात. आवाज येतो, चित्र दिसत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, टीव्ही मेला. मी पडद्याजवळ टॉर्च धरतो. तेवढ्या उजेडात बातम्या देणारी बाई अंधुक दिसू लागते. चित्र जागच्या जागी असतं, पडद्यामागच्या एलईडीच्या पट्ट्या गेलेल्या असतात. पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, हे लोकांना काही केल्या पटत नाही.

नव्या पट्ट्या टाकल्या की आम्ही कारागीर करंट थोडा कमी ठेवतो. पट्ट्या कमी तापतात, जास्त टिकतात. चित्र जरासं मंद होतं, एवढंच. कोणी कुरकुरलं की माझं उत्तर ठरलेलं, "दोन दिवसांत डोळ्यांना सवय होईल." त्या तक्रारीसाठी परत कोणी आलं नाही, म्हणून माझा तोरा कायम.

घरचा टीव्हीही मी असाच दुरुस्त केला होता. तो खरा आईचाच. नेवाशाकडचं गाव सोडून ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून दुपारी मेथी निवडत मालिका बघायची. एकदा म्हणाली, "लई अंधुक दिसतंय रं." मी तिलाही ठरलेलं उत्तर दिलं.

पुढे म्हणू लागली, "कडंला काळं पडतंय." मला तर कडा स्वच्छ दिसत होत्या. पण काठची पट्टी तापली की मंदावते, हे मी कितीदा तरी पाहिलं होतं. रविवारी टीव्ही गादीवर पालथा घातला, सगळा खोलला, काठच्या पट्ट्या बदलल्या, करंटही वाढवला. तिला समोर बसवून विचारलं, "आता?"

ती घामाने निथळणाऱ्या माझ्याकडे बघत राहिली. "आता ब्येस हाय," म्हणाली. मी खूश.

मग तिच्या पायाने भिंतीकडेचा पाण्याचा तांब्या कलंडू लागला. तिसऱ्यांदा कलंडला तेव्हा मी खेकसलो, "बघून चालत जा की जरा." बायको म्हणाली, डोळे दाखवू या त्यांचे. मी म्हणालो, नंबर वाढला असेल, दिवाळीनंतर बघू. दिवाळी झाली, संक्रांतही झाली. शेवटी बायकोनेच नगरला डॉक्टरांची वेळ घेतली.

तिथे आईला एका यंत्रासमोर बसवलं. समोर बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बाजूला उभा होतो. यंत्र चालू होतं, आणि आईचा अंगठा बराच वेळ हलतच नव्हता. मग कागद बाहेर आला. मधोमध थोडी पांढरी जागा, भोवताली सगळं काळं. तो कागद मला समजावून सांगावा लागला नाही. काठच्या पट्ट्या गेलेला टीव्ही असाच दिसतो.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी सांभाळायची. मग त्यांनी मला विचारलं, "इतक्या दिवसांत ह्यांनी काहीच तक्रार केली नाही?"

आईच म्हणाली, "न्हाई वो. मला काय बी तरास नव्हता." आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर मी विचारलं, त्या रविवारी 'ब्येस हाय' असं का म्हणालीस? "तू दिसभर राबला हुतास," ती म्हणाली. तिचा दोष काढायला मला जागाच उरली नाही. काहीतरी करायचं म्हणून मी रिमोट घेऊन टीव्हीचा उजेड वाढवू लागलो. तो आधीच पुरता वाढवलेला होता.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "झाली आता सवय डोळ्यांला."