मार्गक्काची वही मी चोरून वाचत होते

मार्गक्का गेली. आणि मी तिच्यावर पाळत ठेवत होते.

हे माझ्या मुलांनाही आज हे वाचूनच कळेल.

मार्गरेट तिचं नाव. कॅनडाची. गावानं तिची मार्गक्का केली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कर्नाटकातल्या अळणावरजवळच्या आमच्या गावात ती ग्रामविकासाची व्हॉलंटिअर म्हणून आली, तेव्हा माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. मी जुन्या हुबळीची, मॅट्रिक पास. सासरच्या गावात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच.

दोन वर्षं राहणार म्हणे. पगार नाही.

तिथंच लोकांना वास आला.

पगार नाही, तर आली कशाला? तरणीताठी, बिनलग्नाची, आईबाप सातासमुद्रापलीकडं. कुणी म्हणे बाटवायला आलीय. कुणी म्हणे हेर आहे, रेल्वेलाइन बघायला आलीय. एक म्हातारे तर शपथेवर सांगायचे, "तिकडं कायतरी करून पळून आलीया ती."

धारवाडात दोन महिने कन्नड शिकून आली होती, पण पुस्तकातलं. आमच्या बायकांचं अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलणं तिला झेपेना. म्हणून दुभाषी म्हणून मला दिलं.

माझे सासरे पंचायतीत होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सूनबाई, तिच्यासंगं फिर. काय इचारती, काय लिवती, सगळं मला येऊन सांगायचं."

मी "व्हय मामंजी" म्हटलं.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं. घराबाहेर पडायला मिळत होतं.

ती घरोघर जायची, विचारून वहीत टिपायची. पाणी कुठनं आणता? मुलं किती झाली? किती जगली? बायका आधी आत पळायच्या. महिन्याभरात उंबऱ्यावर बसून बोलायला लागल्या.

ती आंघोळीला गेली की मी तिची वही उघडायचे.

आत गावाचा नकाशा होता. घरं म्हणजे चौकोन. आणि कितीतरी चौकोनांत क्रूस. कुठं एक, कुठं तीन.

आधी मला वाटलं, वारलेली मुलं असतील.

मग आमचं घर दिसलं. त्यात दोन क्रूस.

आमच्या घरात मूल गेल्याचं मी कधी ऐकलंच नव्हतं. म्हणजे हे दुसरंच काहीतरी. कुणाला बाटवायचं, त्याची यादी तर नव्हे?

मी मामंजींना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळापुढं सगळा गाव. मार्गक्काला उभं केलं. वही मामंजींच्या हातात.

"इचार तिला, आमच्या घरात क्रूस कशाला काढलेत?"

मी विचारलं. ती वहीकडं बघेना, माझ्याकडंच बघत राहिली. कोणी सांगितलं, ते तिला कळलं होतं.

एवढंच म्हणाली, "ज्यांनी मला विश्वासानं सांगितलं, त्यांचं मी इथं सांगणार नाही."

मी ते भाषांतर केलं, आणि गलका झाला. "लपवायलीय! आजच्या गाडीनं पाठवा हिला!"

तेवढ्यात बायकांतून आत्ती पुढं आल्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर कन्नड, त्यामुळे मार्गक्काशी त्या माझ्याशिवायच बोलायच्या. चार पुरुषांपुढं मी त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता.

"मी सांगिटलं तिला," त्या म्हणाल्या. "एक पोरगी. एक पोरगा. जुलाबानं गेली दोघं. तुम्ही म्हणालात, परत नाव काढू नको. न्हाई काढलं. तिनं इचारलं, म्हणून सांगिटलं."



मग मागून एक बाई म्हणाली, "आमची तीन."

"आमची एक. बारशाच्या आधीच गेली."

मामंजी देवळाच्या पायरीवर बसले. वही उघडीच होती. बराच वेळ बघत होते. मग मला हाक मारली, एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही सगळी खालच्या डबक्याचं पाणी पिणारी घरं न्हवं?"

होय. बहुतेक तीच होती. आमचंही त्यातलंच.

पावसाळ्याआधी गावाच्या वरच्या अंगाला विहीर खणली. माती आम्ही बायकांनी वाहिली. मार्गक्कानंही.

म्हणून संशय गेला असं समजू नका. तिनं विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली, तर चार घरांनी वर्षभर ते पाणी तोंडाला लावलं नाही. मामंजीही अधूनमधून विचारायचेच, "काय लिवती गं आता?"

दोन वर्षांनी अळणावर स्टेशनवर तिला सोडायला गेले, तेव्हा मी म्हटलं, "मी तुझी वही वाचत होते."

"माहीत आहे. त्या दिवसानंतरही वाचत होतीस. म्हणून मी अक्षर जरा मोठं काढायला लागले."

मी हसले नाही. मला मान वर करवेना.

"पण तू आलीस कशाला?" मी शेवटी विचारलंच.

"घरी राहायचं नव्हतं."

बस. एवढंच. खरं होतं का? देव जाणे. गाडी आली.

पत्रं येत राहिली, मग मेल.

आज हुबळीतल्या उणकलच्या घरी तिच्या मुलीचा मेल आला. आई गेली, असं लिहिलेलं आणि खाली एक प्रश्न. "तुमच्या गावाचं नाव निघालं की आई गप्प व्हायची. आम्हाला नेहमी वाटायचं, ती काहीतरी लपवते. तिथं काय झालं होतं?"

तीनदा वाचला. तिनं तिकडंही आमच्या बायकांचं कुणाला सांगितलं नव्हतं.

उत्तर लिहिलंय. "ये. मी तुला गावात नेते. लोक आधी विचारतील, तू कशाला आलीस. रागावू नको, आम्ही तसेच आहोत. बायकांजवळ बस. सांगायचं ते त्या सांगतील."

अक्का, स्टेशनवर मी कबुली दिली, माफी मागितली नव्हती. आज मागते.

तुला माझा आणि गावाचा अखेरचा नमस्कार.