सोनूबाईच्या वाडीवर पाणी सोडले

दिनांक १४ एप्रिल १९६४, मंगळवार. या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या गावच्या सामुदायिक बागायत मंडळीने सोनूबाई नाईक या विधवा सभासदाच्या वाडीतील पाण्याच्या चावीला कुलूप घातले. कारण असे दाखविले की, बाईंनी आपला पाण्याचा हक्क राजीखुशीने सोडला आहे. वाडीत पोफळीची दोन वर्षांची साठ रोपे आहेत. पाऊस यावयास आठ आठवडे आहेत. एवढे कोवळे रोप वैशाखात आठ दिवसही तहान सोसत नाही, हे मंडळीच्या अध्यक्षांपासून शिपायापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. मंडळीच्या दप्तरात याची अशी नोंद होणार नाही, म्हणून येथे करीत आहे.

ज्याच्या हस्ताक्षरामुळे हे घडले, त्या विठोबा घरतची हकीकत सांगितल्यावाचून मंडळीच्या बुद्धीची खोली कळावयाची नाही.

थळच्या दक्षिणेस आमचे गाव. येथील रहाटावर विठोबाने तीस वर्षे रेडा हाकला. रहाटाचे पाणी पाटाने वाडीत येई. विठोबा एका वेळी एकच पाट उघडी. बाकीच्या पाटांची तोंडे चिखलाने व केळीच्या खोडाच्या सोपाने बंद करी. मग शेवटच्या झाडाशी जाऊन अनवाणी उभा राही. मातीत टाच रुतली की त्या तुकड्याचे पोट भरले. त्याच्यापाशी घड्याळ नव्हते आणि त्याच्या हातचे झाड तहानेने मेल्याचे कोणी सांगत नाही. असा मनुष्य प्रगतीच्या मार्गात आडवा येणार हे उघडच होते.

सन १९६१ मध्ये मंडळीने रहाट मोडून इंजिन बसविले. विहिरीवरील चार वाड्यांना लोखंडी नळ गेले. प्रत्येक वाडीच्या दाराशी एक चावी, आत दोन फिरते फवारे. उद्घाटनास अलिबागहून पाहुणे आले आणि त्यांच्यासाठी सोनूबाईच्या अंगणात मांडव घातला. मंडळीचे चिटणीस रावजीशेठ यांनी फर्माविले, "चारही चाव्या उघड रे."

"शेठ, चार एकदम न्हाय चालनार. इंजिनाला तेवढा दम न्हाय."

"दम तुला नसेल. यंत्र विलायतेचे आहे."

"मंग त्याला हितलं पानी समजावून सांगा."

चारही चाव्या उघडल्या. चारही फवाऱ्यांतून चूळ भरल्याइतके पाणी आले व झाडाच्या बुंध्यापर्यंतही न पोहोचता खाली मान घालून बसले. विठोबाने कोणास न विचारता फिरून तीन चाव्या बंद केल्या. तेव्हा चौथा फवारा असा उसळला की पाहुण्यांचा कोट आणि शेठजींचे छापील भाषण एकाच फेरीत भिजले.

सोनूबाई ओटीवरून म्हणाल्या, "अगो बाय, पाव्हन्याला आंघोल घातली!" आणि शेठजींनी डोळे वटारताच, "माझी वाडी भिजली ना? पाव्हना काय, वाळंल दोन घटकेत."

एका वेळी एकच वाडी, हा विठोबाचा नियम दुसऱ्या दिवशी मंडळीने आपला शोध म्हणून फळ्यावर लावला. विठोबाने इंजिनाशी राहून हाळी द्यावी. ज्याची पाळी, त्याने आपली चावी स्वतः उघडावी, इतर तिघांनी बंद ठेवावी, आणि मागाहून वहीत लिहून सही करावी. तिघे सभासद साक्षर होते. ते "पाणी मिळाले" असे लिहीत आणि झोकदार सही करीत. सोनूबाईंना अक्षर येत नव्हते. त्यांच्या वतीने विठोबा लिही. लिहिणे तो प्रौढांच्या वर्गात माझ्याकडे शिकला होता, आणि वाक्य कर्त्यापासून सुरू करावे हा नियम मीच त्याच्या डोक्यात पक्का बसविला होता. त्याने लिहिले : "सोनूबाईने वाडीवर पाणी सोडले." खाली बाईंचा अंगठा.

या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही. बाईंनी चावी उघडली, पाणी सुटले, ते वाडीवर पडले. यंदाच्या हंगामात कार्तिकापासून चैत्रापर्यंत अशा एकोणपन्नास नोंदी झाल्या.

मार्चअखेर दप्तर तपासावयास एक तपासनीस आले. गृहस्थ कायद्याचे पदवीधर होते, म्हणून त्यांना वाडी दिसली नाही, फक्त वाक्य दिसले. त्यांनी विठोबास बोलाविले. मी तेथे होतो.

"ही बाई दर तिसऱ्या दिवशी हक्क सोडीत होती काय?"

"हक न्हाय सायेब, पानी."

"कशावर?"

"वाडीवर."

"मग मी दुसरे काय म्हणतो? वाडीवर पाणी सोडले. खाली अंगठा आहे."

"व्हय. पानी सोडल्याबिगर वाडी ऱ्हाईल कशी?"

"सोडल्यावर राहील कशी, हा प्रश्न आहे."

मी मध्ये बोललो. शब्दाचे दोन अर्थ असतात, हे मी शिक्षक या नात्याने नम्रपणे सांगितले. तपासनीस म्हणाले, "गुरुजी, एकदा लिहिले असते तर चूक मानली असती. एकोणपन्नास वेळा म्हणजे निर्धार."

कार्यकारिणीने तातडीची सभा घेतली. बाईंच्या त्यागाबद्दल आभाराचा ठराव झाला, हे मी वाचले नसते तर मलाही खरे वाटले नसते. त्यांची पाळी पहिल्या वाडीस जोडली. पहिली वाडी रावजीशेठ यांची. तेथे अंगणात हिरवळ लावली आहे, आणि ती दुपारी कोमेजलेली दिसते याचे शेठजींना दुःख होते. त्यानंतर कुलूप आले. आता पाण्याची चावी कुलपात आणि कुलपाची चावी शेठजींच्या कमरेस.

कुलूप घालताना सोनूबाई दारातच होत्या. शेठजी समजावणीच्या सुरात म्हणाले, "सोनूबाय, तुम्हीच पाणी सोडलंत."

"पानी सोडायचं तर तुज्यावर सोडीन रं, रावज्या. वाडीवर कशाला सोडू?"

हेही इतिवृत्तात घेतले असते तर दप्तरातील एक नोंद तरी बिनचूक झाली असती.

सात दिवस विठोबा इंजिन चालवून हिरवळ भिजवीत राहिला. आठव्या दिवशी, मंगळवारीच, भर सकाळी तो पाना घेऊन सोनूबाईच्या दाराशी गेला. कुलपास त्याने हात लावला नाही. कुलपाच्या अलीकडचा नळाचा सांधा सोडविला, बाकीच्या तिन्ही वाड्यांच्या चाव्या हिंडून स्वहस्ते बंद केल्या, इंजिन लावले. फवारे कुलपापलीकडे राहिले. तेव्हा त्याने फावड्याने जुना पाट मोकळा केला आणि साठ रोपांस आळ्याआळ्याने पाणी दिले. शेवटच्या रोपाशी टाच रुतेपर्यंत उभा राहिला. मग सांधा पूर्ववत जोडून वही उघडली.

मी म्हणालो, "विठोबा, काही लिहू नकोस. निदान 'वाडी भिजविली' असे लिही."

"गुरुजी, तुमीच शिकवलंत ना? सोडलंय पानी, तर सोडलं लिवतो. लपवायला मी चोर हाय?"

त्याने लिहिले : "विठोबाने सोनूबाईच्या वाडीवर पाणी सोडले."

त्याच सायंकाळी मंडळीने त्यास कामावरून दूर केले. सांधा सोडविल्याचा आरोप दुय्यम आहे. मुख्य चौकशी निराळीच. हक्क असल्यावाचून तो सोडता येत नाही. तेव्हा विधवेच्या वाडीवर या माणसाचा हक्क कोणत्या नात्याने उत्पन्न झाला, याचा शोध घेण्यास तीन सद्गृहस्थांची समिती नेमली आहे. गावात या प्रश्नावर पुष्कळ हशा झाला. सोनूबाई दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. विठोबाच्या पत्नी, केसरबाई, त्यांच्याकडे भाकरी घेऊन गेल्या आणि समितीच्या तिन्ही सभासदांच्या दारांवरून मुद्दाम सावकाश गेल्या.

सध्या विठोबा देवळाच्या विहिरीवरून कावडीने पाणी वाहतो. सांज-सकाळ मिळून तीस रोपांस पुरते. उरलेल्या तिसांपैकी अकरा पिवळी पडली आहेत. ती मी काल, २८ एप्रिल रोजी, स्वतः मोजली. कावड वाहणाऱ्याचा खांदा सोलला आहे, आणि खांदा पाऊस येईपर्यंत टिकेल असे त्याला स्वतःलाही वाटत नाही.

रविवार, दिनांक ३ मे रोजी दुपारी चार वाजता शाळेच्या पडवीत मंडळीची सर्वसाधारण सभा आहे. हे वाचणाऱ्या प्रत्येक सभासदास माझे सांगणे आहे : या. मागे बसून हसू नका. कुलूप त्याच दिवशी काढावे, सोनूबाईंची पाळी परत द्यावी, ती चौकशी बंद करून बाईंची व विठोबाची क्षमा मागावी आणि विठोबास इंजिनावर घ्यावे, असा ठराव मी मांडणार आहे. त्याच्या बाजूने हात वर करा.