पोकरबंदीच्या लढ्यात मी कसा पडलो

सरकारचं आणि माझं वैयक्तिक वैर काहीच नाही. लक्ष्मीपुरीत माझं रंगाचं दुकान आहे. कर भरतो, मतदानाला उन्हात रांगेत उभा राहतो आणि गल्लीतल्या खड्ड्याबद्दल दिलेल्या अर्जाचं पुढं काय झालं, असं कधी विचारायला जात नाही. इतका गरीब नागरिक! पण त्या दिवशी दुकानातल्या टीव्हीवर बातमी लागली, की पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा येणार आणि त्यात पोकरही आला. ते ऐकलं आणि माझ्या हातातला पिवळ्या ऑइलपेंटचा उघडा डबा गिऱ्हाइकाच्या पायावर पडला.

"ओ मालक! माझी चप्पल!"

"चपलेचं काय घेऊन बसलाय, पावणं?" मी त्याच्यावरच ओरडलो. "हितं देशात लोकशाही राहिली न्हाय!"

गिऱ्हाईक एक पिवळा पाय घेऊन समोरच्या रंगाच्या दुकानात गेलं. जाऊ दे. तत्त्वासाठी माणसाला काहीतरी सोसावंच लागतं.

रोज दुकान बंद केल्यावर, जेवण होईपर्यंत मी मोबाइलवर पोकर खेळतो. म्हणजे खेळायचो. चोरूनमारून नाही, सगळ्या घरादेखत! दोन पानं आपल्या हातात, पाच पानं मधे सगळ्यांसाठी, त्यातून ज्याचा मेळ भारी तो जिंकला. आणि हातात काहीच नसताना सगळं असल्यासारखं दाखवून समोरच्याला पळवून लावायचं, त्याला ब्लफ म्हणतात. (आपल्याकडं त्यालाच प्रचारसभा म्हणतात आणि तिला मात्र पोलीस बंदोबस्त मिळतो!) यात गणित आहे, मानसशास्त्र आहे, संयम आहे. याला जुगार म्हणणाऱ्यानं उद्या कुस्तीलाही मारामारी म्हणावं!

आमच्या भागातल्या पोकरवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर नुसता पेटला. इचलकरंजीचा एक सूतव्यापारी म्हणाला, "रस्त्यावर उतरायचं! आता माघार न्हाय!" पन्हाळ्याचा एक लॉजवाला म्हणाला, "काढा मोर्चा, मी पाठीशी हाय!"

"पाठीशी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मोर्चाच्या पाठीमागं. जरा लांबच. घरात बायकोला म्हाईत न्हाय."

मग एकेकाचं बाहेर पडायला लागलं. कुणाच्या बायकोला माहीत नव्हतं, कुणाच्या वडलांना, तर कुणाच्या सासऱ्याला. तोंडाला रुमाल बांधून मोर्चा काढावा अशी सूचना आली आणि ती गंभीरपणे चर्चिलीही गेली! शेवटी घरी माहीत असलेला मर्द गडी मी एकटाच निघालो, आणि लढ्याचं नेतृत्व बिनविरोध माझ्या गळ्यात पडलं.

माझा मेव्हणा संग्राम वकील आहे. त्याला फोन लावला.

"दाजी, सरकारकडं हरकत पाठवता येईल की," तो म्हणाला. "पण मुद्दा काय मांडायचा?"

"मुद्दा एकच! पोकर हा नशिबाचा खेळ न्हाय. कौशल्याचा हाय!"

"मला तर नशिबाचाच वाटतो. आधी मला पटवा, मग लिहितो."

"रविवारी जेवायला ये. डोळ्यांनी बघ!"

माझी योजना साधी होती. आयुष्यात कधी पोकर न खेळलेल्या दोन माणसांना समोर बसवायचं आणि वकिलाच्या देखत धुवून काढायचं. नवखा हरतो, जाणता जिंकतो, म्हणजे कौशल्य सिद्ध! पहिली नवखी म्हणजे माझी बायको सुरेखा. दुसरी आमची आत्ती, माझ्या वडलांची बहीण. ती नेसरीहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आली होती. ऑपरेशन झाल्यामुळं तिला दवाखान्यातला मोठा काळा चष्मा दिला होता. पोकरचे मोठे मोठे खेळाडू डोळ्यांतले भाव लपवायला असाच काळा चष्मा लावतात, हे मला त्या क्षणी आठवायला पाहिजे होतं. नाही आठवलं.

मटणाचं जेवण झालं. भांडी एका बाजूला सरकवून आम्ही सतरंजीवर बसलो. पैशाऐवजी प्रत्येकाला वाटीभर खारे शेंगदाणे दिले. नियम समजावले. समजावून मान वर करतो तर आत्तीची वाटी निम्मी!

"आत्ती, खाऊ नकोस! ते पैसे हाईत!"

"मग? पैसं खाल्लं म्हणून आजवर कुणाला काय झालंय रं?" आत्ती चावत चावत म्हणाली.

वाटी परत भरली. खेळ सुरू झाला. पहिल्याच डावात माझ्या हातात कचरा आला. म्हटलं, उत्तम! वकिलाला ब्लफ दाखवायची संधी. मी शेंगदाण्यांचा मोठा ढीग मधे सारला, चेहरा दगडासारखा केला आणि गंभीर आवाजात म्हणालो, "सुरेखा, विचार कर हं. भारी पानं हाईत. टाकून दे."

आत्तीनं पानं टाकली. सुरेखानं मात्र तेवढाच ढीग शांतपणे पुढं केला. "उघडा."

उघडली. माझ्याकडं काहीच नाही, तिच्याकडं दोन तिऱ्या.

"अगं, तिर्रीवर एवढं लावलंस?"

"तिर्रीवर कुठं? तुमच्यावर लावलं," ती म्हणाली. "खोटं बोलताना तुम्ही मला नावानं हाक मारता. एरवी सगळा जन्म 'अगं'वर चाललाय."

संग्राम हसला. मी म्हटलं, "वकील, हसू नका. हा सराव हुता."

दुसऱ्या डावात देव पावला. हातात दोन राजे, मधे तिसरा राजा! आता मी सावध. शेंगदाणे थोडेच लावले आणि मुद्दाम म्हटलं, "अगं, लाव की तुला पाहिजे तेवढं."

सुरेखानं पानं टाकली. तिचं बघून आत्तीनंही टाकली. तीन राजे घेऊन मी जिंकलो काय, तर दोघींचे दोन शेंगदाणे! (त्यातला एक खवट निघाला.)

"आता का टाकलीस?" माझा आवाज चढला. "आता तर 'अगं' म्हटलं हुतं!"

"तुमचा उजवा पाय हलत हुता की! मनासारखं घडलं की हलतो. मला बघायला आलता तेव्हा पण हलत हुता. पोहे तोंडात असताना तुमच्या पायानंच होकार दिलता मला."

"व्हय व्हय," आत्तीनं साक्ष दिली. "मी बी बघितलंता. बशी सांडतोय काय म्हून भ्याले हुते."

एवढी वर्षं या बाईबरोबर संसार केला आणि एका शब्दानं ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही! मी चिडलो. पुढच्या डावाला उजवा पाय मांडीखाली घट्ट दाबून बसलो. 'अगं' नाही, 'सुरेखा' नाही, बोलणंच बंद! हातात दोन राण्या आल्या. मधल्या पाच पानांत दोन एक्के निघाले. सुरेखानं पानं टाकली. राहिली आत्ती. तिनं हातातलं एक पान माझ्या नाकासमोर धरलं.

"ह्यो गुलाम हाय का राजा रं? ह्या चष्म्यातनं काय दिसंना बघ."

"गुलाम हाय, आत्ती." मला अक्षरशः तिची कीव आली. मधे गुलाम एकही नव्हता. म्हातारीच्या हातात एकुलता एक गुलाम, त्याचा उपयोग शून्य! मी अख्खी वाटी पुढं केली. आत्तीनं तिची वाटी माझ्या वाटीवर उपडी केली आणि दुसरं पान टाकलं. तो तिसरा एक्का होता.

"आत्ती! एक्का दिसला व्हय तुला?"

"दिसला की. त्यो कशाला इचारू? त्यो मी वळीकला."

"आणि गुलाम?"

"त्यो बी वळीकला हुता."

मी संतापानं ताडकन उठलो. म्हणजे उठायला गेलो. मांडीखाली दाबलेल्या उजव्या पायाला एवढ्या मुंग्या आल्या होत्या, की तो पाय माझा राहिलाच नव्हता! मी जो आडवा झालो तो थेट बाजूला सरकवलेल्या तांबड्या रश्श्याच्या पातेल्यावर. पातेलं संग्रामच्या मांडीवर कलंडलं. नशीब, रस्सा गार झाला होता. वकिलाची पांढरी पँट मात्र कायमची तांबडी झाली.

"हा काय खरा पोकर न्हवं!" खाली पडल्या पडल्या मी ओरडत होतो. "ऑनलाइन खेळात तोंड दिसत न्हाय, पाय दिसत न्हाय! तिथं खरं कौशल्य!"

"मग तिथं का हरता?" सुरेखानं विचारलं.

मी सतरंजीवरचे शेंगदाणे वेचायला लागलो.

संग्रामनं पँट झटकली. "दाजी, मला पटलं. हा कौशल्याचाच खेळ हाय. मी आजच हरकत लिहितो. ताईचं आणि आत्तीचं नाव खेळाडू म्हणून घालतो."

"आणि माझं? मी नेता हाय!"

"तुमचं नाव घातलं तर सरकार म्हणंल, ह्या माणसासाठीच तर कायदा आणतोय."

हरकत सरकारकडं गेली. कायदाही व्हायचा तो झालाच. माझं अ‍ॅप बंद पडलं, ग्रुपवर दोन दिवस शिव्यांचा पाऊस पडला आणि मग सगळे सुप्रभातचे फोटो टाकायला लागले. आत्तीचा डोळा केव्हाच बरा झालाय, पण ती अजून नेसरीला गेलेली नाही, कारण आमच्या घरात आता रोज पोकर चालतो. जो हरेल त्यानं भांडी घासायची, असा नियम सुरेखानं काढलाय, आणि आत्ती तो काळा चष्मा उतरवायला तयार नाही. माझे हात कोपरापर्यंत पांढरे पडलेत. एवढं मोठं सरकार, एवढे सल्लागार, एवढा मोठा कायदा केला, पण घरातल्या पोकरवर बंदी घालायचं एकालाही सुचलं नाही. माझ्यासारख्या सामान्य माणसाचा या देशात विचार करतो कोण?