तासणारा माणूस

त्याला सगळे गुण्या म्हणत. सुताराचा गुण्या काटकोन दाखवतो आणि हा माणूस बोलायचाही तसाच, सरळ नव्वद अंशात. नाव असं चिकटलं की खरं नाव कागदपत्रांपुरतंच उरलं.

तरणा होता तेव्हा गुण्या काम उक्तं घ्यायचा. एवढं दार, एवढे पैसे, संपला विषय. हात असा चालायचा, की दुसऱ्याच्या दिवसभराचं काम हा दुपारीच हातावेगळं करायचा आणि उरलेली दुपार त्याच्या बापाची! पुढं चाळिशीत हात मुरला, घाई नकोशी झाली, तसा तो रोजानं जाऊ लागला. "गुण्याचा रोज जास्त, पण दार पुन्हा कुरकुरत नाही," असं लोकच सांगायचे. आता त्रेसष्टाव्या वर्षी उजव्या अंगठ्यानं संप पुकारला होता. स्क्रू धरायला जावं तर तो बोटांतून निसटायचा. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस. रोजानं घ्यावं तर गिऱ्हाईक बुडतं, उक्तं घ्यावं तर गुण्या बुडतो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा हत्यारांची पेटी घेऊन उभा.

"पेटी विका आणि लेकीकडे चला," बायको म्हणायची. "तिथं खिडकीपाशी खुर्ची टाकून देईल म्हणते."

"खुर्चीत ठेवायला मी काय उशी आहे?"

बोलायला ठीक होतं. पण दोन महिन्यांत एकही बोलावणं आलं नव्हतं. म्हणून निवृत्त नर्सबाईंचा निरोप आला, तेव्हा हा सकाळीच दाढी करून त्यांच्या दारात हजर. बाई एकट्या राहायच्या. सहा खिडक्या लागत नव्हत्या, आणि न्हाणीघराचं दार उघडत नव्हतं.

"परवा तासभर आतच कोंडून बसले होते," बाई म्हणाल्या. त्यांनी कागदावर रकाने आखून ठेवले होते. "एक जण तासावर येतो म्हणतो, दुसरा रोजानं. तुमचं काय, मिस्त्री?"

"तासावर?" गुण्या हसला. "बाई, आम्ही लाकूड तासणारी माणसं. तास मोजलेत कुणी?"

बाई हसल्या नाहीत. "मग तुम्हीच सांगा, मला परवडेल कोणतं?"

दुसऱ्या कुणी आपलंच घोडं पुढं दामटलं असतं. पण गुण्या तो गुण्या. "तासावरचा हत्यार शोधत बसला तरी पैसे तुमचेच जाणार. पण बारीकसारीक कामाला तो बरा. रोजानं आलेला अंगचोर निघाला, तर तुम्हाला दिवसभर पहारा. उक्त्यात तुम्ही निर्धास्त, फक्त उरकाउरकी होत नाही ना तेवढं बघायचं."

"मग उक्तंच. आधी हे दार करा. जमलं तर सहाही खिडक्या तुमच्या."

गुण्यानं आकडा सांगितला, तोही तरण्या गुण्याचा. वर, संध्याकाळच्या आत करतो, असंही बोलून बसला. जिभेला हाड नसतं. अंगठ्याला असतं, आणि तेच ठणकत होतं.

दार खालून फुगलं होतं, बिजागऱ्या गंजल्या होत्या. ते उतरवेपर्यंत बारा वाजले, घड्याळाचे आणि गुण्याचेही. रंधा मात्र चालला. रंध्याला तळहाताचा जोर लागतो, तो अजून होता. पातळ सालपटांचा ढीग साचला तसा त्याला हुरूप आला. मग आले स्क्रू. एक पडला. दुसरा पडला. तिसरा न्हाणीघराच्या जाळीतून सरळ खाली गेला. गुडघ्यांवर बसून चाचपडताना त्यानं वर बघितलं, तर बाई उभ्या.

काही न विचारता त्यांनी त्याचा हात उचलला आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. गुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

"दाखवलं?"

"दाखवलं की. आराम करा म्हणाले. म्हणजे ती खुर्चीच."

बाई खाली बसल्या, स्क्रू बिजागरीत धरला. "फिरवा."

त्यानं दोन्ही मुठींत स्क्रूड्रायव्हर धरून फिरवला. असे एकेक करत बारा स्क्रू बसले. उन्हं उतरायच्या आत दार लागलं, करंगळीनं ढकललं तरी मिटावं असं. त्यानं कोपऱ्याला गुण्या लावून पाहिला. रेघेचाही फरक नव्हता.

"खिडक्यांना रोजानं या," बाई म्हणाल्या. "कितीही दिवस लागू देत. धरायला मी आहे."

उत्तर गुण्याच्या तोंडात तयार होतं. बाई, तुम्हाला तो तासावरचाच स्वस्त पडेल. जन्मभर तो असंच बोलत आला होता. त्यानं तोंड उघडलं.

"बरं," तो म्हणाला.

घरी पोचला तर बायको दारातच. "मिळालं काम?"

"मिळालं. सहा खिडक्या."

"उक्तं की रोजानं?"

"रोजानं."

"बघा! अजून रोज देणारं आहे कुणीतरी," ती खुलली.

तो शर्टाच्या गुंडीशी झटत होता. तिसऱ्यांदा अंगठा घसरला, तशी बायको जवळ आली आणि एकेक गुंडी काढू लागली. गुण्या हात खाली सोडून उभा राहिला.