वडिलांच्या मरण्याची तालीम

आमच्या बाबांना मरायला फार आवडायचं. स्टेजवर, अर्थात. बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर ते हौशी नाटकांत शिरले आणि शेवटच्या अंकात मरणारा माणूस हमखास त्यांच्याच वाट्याला यायला लागला. जगात कुठे कुठे नट रंगमंचावर खरोखरच गेले, त्या गोष्टी त्यांना तोंडपाठ होत्या. कोणी आजाऱ्याचं सोंग करता करता आजारानंच गेला, कोणी विनोदवीर कोसळला तेव्हा प्रेक्षक पोट धरून हसत राहिले. "काय नशीब!" असं म्हणत ते इतक्या चवीनं सांगायचे की माझं डोकं फिरायचं. छातीत एकदा कळ येऊन गेलेल्या माणसानं असल्या गोष्टी सांगू नयेत.

तालीम नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांतच चालायची. बाबा दिवाणावरून कोसळायचे आणि आई त्यांच्या भोवतीनं फरशी पुसत जायची. त्यांना उठवायला एकच उपाय होता, नावं ठेवणं. "तुमच्या नाटकातले ते पोस्टातले गृहस्थ तुमच्याहून बरे मरतात," एवढं आईनं म्हणायचा अवकाश, मेलेला माणूस ताडकन उठून भांडायला लागायचा. एकदा मी घाबरून खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं, तर बाबांनी डोळे उघडून त्यांनाच विचारलं, "कसं वाटलं?" त्यानंतर कितीतरी दिवस डॉक्टर जिन्यात आमच्याशी बोलत नव्हते.

त्या संध्याकाळी हिंजवडीहून सुटलेली आमची कंपनीची बस वाकडच्या चौकात अडकली होती. आईचा फोन आला.

"अगं, हे पडलेत. चहा निवून गेला तरी उठत नाहीत."

"नावं ठेवलीस?"

"ठेवली की. पोस्टातल्यांचंही काढलं. हूं की चूं नाही. नवीन काहीतरी बसवताहेत वाटतं."

"आई, आधी डॉक्टरांना बोलाव."

"पुन्हा शोभा करून घ्यायची का? त्या दिवशी काय झालं, आठवतंय ना?"

"हाक मार त्यांना!" मी इतक्या जोरात ओरडले की अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली. आईनं जिन्यात जाऊन डॉक्टरांना हाक मारलेली मला ऐकू आली. मग ती परत बाबांपाशी आली. फोन तिच्या हातातच होता.

"अहो, हे काय मरणं झालं? शाळेतली पोरं बरं करतात. हात तर बघा कसा ठेवलाय! लोक हसतील तुम्हाला." दर वाक्याला तिचा आवाज बारीक होत चालला होता. बाबांनी उठून तिच्यावर खेकसावं म्हणून मी देवाचा धावा करत होते, आणि बस जागची हलत नव्हती. खाली उतरून पळत सुटावंसं वाटत होतं, पण पळून पोचणार कुठे?

डॉक्टर आले. हलक्या आवाजात काहीतरी विचारलं. मग त्यांची बॅग उघडल्याचा आवाज आला. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, आता थांबा."

माझ्या आईनं सबंध संसारात बाबांच्या कामाला एकदाही बरं म्हटलं नव्हतं.

"अहो, छान झालं," ती म्हणाली. "खरंच फार छान झालं. उठा ना आता."