गंगापूर रोडवर ताईची पाच मिनिटं

मिरजेहून पहाटेची एसटी धरली, पुण्यात गाडी बदलली आणि नाशिकच्या महामार्ग स्टँडवर उतरले तेव्हा सहा वाजत आले होते. सिन्नरच्या अलीकडे गाडी तासभर बंद पडली होती. पाय सुजले होते, आणि दिवाळीच्या सुट्टीचे उरलेले दोन दिवसही असे प्रवासातच चालले होते.

मला दादाने पाठवलं होतं. आमची थोरली ताई नाशिकला एकटी राहते. दाजींना, म्हणजे तिच्या यजमानांना, जाऊन आठ महिने झाले होते. आणि तिने एका पबमध्ये हॅलोविनच्या (भुताखेतांच्या विलायती सणाच्या) ओपन माइकमध्ये नाव दिलं होतं. ओपन माइक म्हणजे कोणीही नाव नोंदवावं आणि पाच मिनिटं उभं राहून लोकांना हसवावं. अजून वर्षही झालं नाही, तू जाऊन तिला थांबव, असं दादाचं म्हणणं.

पण गाडीला उशीर झाला आणि ताई घरून निघूनही गेली. तिने फोनवर थेट तिकडेच यायला सांगितलं.

रिक्षावाले काका सायखेड्याचे होते. माझी चुरगळलेली साडी आणि हातातली पिशवी पाहून त्यांनी पत्ता दोनदा विचारला. “तिथं समदी कॉलेजची पोरं जात्यात काकू,” ते काळजीने म्हणाले. गंगापूर रोडने बरंच पुढे गेल्यावर उंच इमारतींच्या मधेच एक द्राक्षबाग दिसली. नुकतीच छाटणी झालेली, नुसत्या काड्या आणि तारा. माझीही अवस्था काही वेगळी नव्हती.

पबच्या दाराला कापसाची कोळिष्टकं लावली होती. आत जाऊन बसले, तर शेजारच्या खुर्चीवर हडळीचं सोंग घेतलेली, पांढऱ्या लुगड्यातली, केस मोकळे सोडलेली एक मुलगी होती. वणीची, इथे दवाखान्यात नर्स. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, “मावशी, डोळ्यांखालचं काळं भारी जमलंय. कुठं केलं?”

ते एसटीत झालं, असं मी सांगितलं. तिने ओशाळून तिच्या बशीतले मसाला शेंगदाणे माझ्याकडे सरकवले. सकाळपासून पोटात गेलेलं तेवढंच.

तिसरं नाव ताईचं होतं. तोंडाला पांढरी पावडर फासून ती दिव्याखाली आली आणि मला खाली बघावंसं वाटलं.

“आमच्या घरात भूत आहे,” ताई म्हणाली. “आमचे हे. जिवंतपणी सोफ्यावरून उठले नाहीत, आता तरी भिंतीतून आरपार जावं. तर नाही. सोफ्यावरच.”

पोरं हसली. ताईने आणखी दोन किस्से सांगितले. मग “आणि संध्याकाळ झाली की” एवढं बोलून ती थांबली. पुढचं काही आठवेना. कोणीतरी खोकलं. मी तिला थांबवायला आले होते, आणि ती आपोआप थांबली होती. मला ते बघवेना.

संध्याकाळी दाजी काय म्हणायचे हे मला पाठ होतं. बसल्या जागेवरून मी जाड आवाज काढला. “चहा ठेवतेयस का?”

ताईने अंधारात माझ्याकडे पाहिलं. “बघा,” ती म्हणाली, “आलेच ते.”

सगळा पब हसत सुटला. शेजारची हडळ डोळे पुसत होती. ताईने उरलेली मिनिटं न अडखळता पूर्ण केली.

घरी आल्यावर ती बराच वेळ तोंड धूत होती. मी दादाचा निरोप सांगितला. ती चिडली नाही. टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाली, “आठ महिने सगळे येतात, बसतात, माझ्या तब्येतीचं विचारतात. ह्यांचं नाव कुणी काढत नाही गं. तूसुद्धा नाही.”

ताईला त्रास नको म्हणून आम्ही ठरवून गप्प राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत दादाचा फोन आला. समजावलंस का, त्याने विचारलं. नाही, म्हटलं, उलट मीच तिला मदत केली. मग दाजींचं नाव कुणी काढत नाही, हे तिचं बोलणंही सांगितलं.

“एकदा दाजी आपल्या मांजराला भिऊन टाकीवर चढले होते,” तो हळूच म्हणाला. “दुपारभर उतरले नव्हते.”

“हे ताईला सांग,” मी म्हटलं. “आत्ताच फोन कर.”

मग खिडकीला डोकं टेकून मी डोळे मिटले. अर्ध्या तासाने त्याला फोन लावून पाहिला. त्याचा फोन व्यस्त होता, आणि ताईचाही.