राजाच्या बाजूचे

दोन हजार चार साली, अमेरिकेत रेडमंडला ऑफिसला जाताना बसमध्ये एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ माझ्या शेजारी बसत. ओला रेनकोट नीट घडी करून पायाशी ठेवत आणि अमेरिकन क्रांतीवरचं जाडजूड पुस्तक उघडत. एकदा म्हणाले, "आमचे पूर्वज इंग्लंडच्या राजाच्या बाजूने लढले. घरात कुणी हे बोलत नसे. तुमचे आजोबा इंग्रजांच्या काळात काय करायचे?"

मी सगळ्यांना 'स्वातंत्र्यसैनिक' असंच सांगत आलो होतो. त्या दिवशी मात्र खरं तोंडून निघून गेलं. "इंग्रजांच्या पोलिसात हवालदार होते."

त्यांनी हळूच पुस्तक मिटलं. "प्रेमळ होते का?"

"खूप," मी म्हणालो आणि उतरेपर्यंत आजोबांबद्दलच बोलत राहिलो. मुलीलाही तिचे पणजोबा खरे कोण होते, ते त्याच आठवड्यात सांगितलं.